बरं असतानाचा आकडा

जानेवारीतली पहाट. या दिवसांत साताऱ्यात नळाच्या पाण्याला हात लावला की बोटं बधिर होतात. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, पण या वेळी तो धुक्यामागचा नुसता काळा उंचवटा असतो. लेक गाढ झोपेत. मी तिचा उजवा हात रजईतून हळूच बाहेर काढतो आणि माझ्या दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसतो. घाई करून चालत नाही. गार बोटात रक्तच कमी उतरतं आणि अशा बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, लावला तर यंत्र भलतंच काहीतरी दाखवतं. दोन-तीन मिनिटांनी नखाखाली गुलाबी रंग चढतो. मग चिमटा. लाल दिवा लागतो आणि तिचं मधलं बोट कंदिलाच्या काचेसारखं आतून उजळतं.

आकडा आधी नाचतो. ९१, ९७, ९२. त्याच्याकडे मी बघत नाही. खालची नाडीची लाट एकसारखी उठायला लागली की मनात तीसपर्यंत मोजतो आणि मग बघतो. ९५. नाडी ९४. उशाशी दोनशे पानी वही असते. तिच्यात तारीख, वेळ, आकडा आणि पुढे दोन शब्द लिहितो : बरी आहे.

एकदा हे सगळं चालू असताना शेजारच्या काकू दूध द्यायला आल्या होत्या. त्या दिवशी ९४ होतं. काकूंनी वहीत डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अवो, चौऱ्याण्णव? आणि तुम्ही निवांत बसलाय?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या जिल्ह्यानं फार सोसलं. त्या दोन-तीन महिन्यांत गल्लीतल्या प्रत्येकाला ऑक्सिजन लेव्हल हा शब्द पाठ झाला आणि ९४ च्या खाली गेलं की दवाखाना, हा नियम मनावर कोरला गेला. काकूंच्या मोठ्या दिरांचा आकडा त्यांनी रात्रभर उतरताना पाहिलेला आहे. त्यांना मी कसं सांगू, की माझ्या मुलीसाठी ९४ हा चांगला दिवस आहे?

माझ्या लेकीला सिकलसेल आहे. एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही हा दोष आलेला. आम्ही मूळचे भंडाऱ्याचे, बँकेच्या बदलीनं साताऱ्यात आलो. आमच्याकडे विदर्भात हा शब्द घरोघरी माहीत असतो. कुणाच्या तरी भाच्याला, कुणाच्या पुतणीला असतोच. इथं मात्र सांगितलं की लोक आधी विचारतात, "म्हणजे काय ओ?"

ती दीड वर्षाची असताना एका सकाळी तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजून टम्म झाली. पायांचीही. माझी आई बघत राहिली आणि म्हणाली, "माय वो, हे काऊन असं झालं लेकराले?" आधी साधी विद्राव्यता चाचणी झाली, मग हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि कागद हातात आला. मी वाहक, बायको वाहक. दोघंही ठणठणीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ती एक आमच्या वाट्याला आली. आमचं लग्न ठरताना नोकरी, घर, जमीन सगळं विचारून झालं होतं. रक्ताचं कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. याचं दुःख आहे, आणि ते मी इथं लिहून ठेवतो. लग्न ठरण्याआधी एक तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात होते.

आजाराचं मूळ फार लहान आहे. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ दुव्यांची. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. एवढाच फरक. पण त्यामुळे हे एस हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून रिकामं झालं, की एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा भाग उपाशी राहतो आणि तिथं असह्य दुखतं. आमच्याकडे म्हणतात, क्रायसिस आला. जिथं अडकलं तिथं ऑक्सिजन आणखी कमी, म्हणून आणखी पेशी वाकतात. या आजारात ऑक्सिजन कमी होणं हे दुखण्याचं कारणही आहे आणि परिणामही. म्हणून तो मोजण्याला इतकं महत्त्व.

मोजायला मी शिकलो तो मात्र चुकत चुकत.

२०२१ मध्ये भंडाऱ्यात असताना आईसाठी पल्स ऑक्सिमीटर आणला होता. मिळत नव्हता, चढ्या भावानं घेतला. एका संध्याकाळी सहज म्हणून लेकीच्या बोटाला लावला. ती तेव्हा साडेचार वर्षांची. आकडा आला ८६. माझ्या पायांतलं बळच गेलं. लॉकडाऊनमध्ये स्कूटरवर तिला पोटाशी धरून दवाखाना गाठला. तिथल्या सिस्टरनं लहान मुलांचा चिमटा लावला, तर ९५. माझं यंत्र मोठ्या माणसाच्या बोटाच्या मापाचं होतं. पोरीचं बोट काडीसारखं. चिमट्यात ते सैल बसतं, आणि प्रकाशाचा काही भाग बोटातून न जाता बाजूनं थेट पलीकडे पोचतो. यंत्राला वाटतं हाच बोटातून आलेला प्रकाश, आणि त्याचा हिशेब चुकतो. सिस्टर म्हणाल्या, तान्ह्या बाळाला तर आम्ही पायाच्या अंगठ्याला किंवा तळपायाला गुंडाळायची पट्टी लावतो, हा चिमटा नाही.

नागपूरला ज्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे तिचे उपचार चालायचे, त्यांना मी ही हकिकत सांगितली. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बरी असताना तिचं किती असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी नेहमी ताप आला, दुखलं, खोकला झाला की मोजायचो. खेळून दमून आल्यावर, सकाळी उठल्यावर, जत्रेतून परतल्यावर कधी मोजलंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "आजारी असताना आम्ही मोजूच. तुम्ही बरी असताना मोजा. सिकलसेलच्या दोन मुलांचे आकडे सारखे नसतात. एकाचं रोजचं ९८ असतं, दुसऱ्याचं रोजचं ९३. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर तुमची मुलगी असेल, तेव्हा त्याला तिचं रोजचं कोण सांगणार?"

त्या दिवशी येताना सीताबर्डीतून वही घेतली.

हे यंत्र काम कसं करतं, हे मी नंतर चिकाटीनं समजून घेतलं. चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल, ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि एक डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त, ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजननं भरलेलं रक्त तांबडंलाल असतं, ते लाल प्रकाश जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. रिकामं झालेलं रक्त उलट वागतं. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, शिरेतलं रक्त आहे. यातून धमनीतलं रक्त वेगळं ओळखायचं कसं? जपानमधल्या ताकुओ आओयागी या अभियंत्यानं ओळखलं, की प्रत्येक ठोक्यासरशी बदलतो तो फक्त धमनीतल्या रक्ताचा भाग. बाकी सगळं स्थिर. मग स्थिर आहे ते सोडून द्यायचं आणि जे धडधडतं तेवढंच मोजायचं. ही १९७४ ची गोष्ट. आओयागी २०२० च्या एप्रिलमध्ये वारले, नेमकं त्याच सुमारास जगभर लोक त्यांच्या यंत्रात बोट घालून बसले होते. सुई न टोचता पोरीच्या रक्तात काय चाललंय ते कळतं, यासाठी मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे. तिच्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून आधीच कडक झाल्यात.

तरी या यंत्राला काही गोष्टी दिसत नाहीत, आणि सिकलसेलच्या मुलांच्या बाबतीत नेमक्या त्याच महत्त्वाच्या असतात.

पहिली म्हणजे ते टक्केवारी सांगतं, साठा सांगत नाही. हे मला आमच्या घरावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनी समजावलं. हंगामात रात्रंदिवस त्यांची रांग लागलेली असते. समजा कुणी विचारलं, ट्रॉल्या किती भरल्या आहेत? सगळ्या भरून आहेत, ९५ टक्के भरून आहेत. पण रोज शंभर ट्रॉल्या जायच्या तिथं साठच जात असतील, तर कारखान्यात ऊस कमीच पोचणार. माझ्या लेकीचं हिमोग्लोबिन चांगल्या दिवसांत १०० मिलिलिटरला साडेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन जास्तीत जास्त १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिशेब केला तर तिच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ११ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. तिच्या वर्गातल्या निरोगी मुलीच्या रक्तात १६. यंत्र दोघींना ९५ आणि ९८ दाखवणार. जिना चढताना ती अर्ध्यात का थांबते, हे त्या तीनच्या फरकातून कुणालाच कळणार नाही.

दुसरी गोष्ट अशी, की एस हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकडच ढिली असते. तो पेशींना लवकर देऊन टाकतं. कमी रक्तावर शरीर निभावून नेतं त्याचं हे एक कारण आहे, पण त्याचमुळे बोटावरचा आकडा फुफ्फुस चांगलं असूनही एक-दोन पायऱ्या खाली दिसू शकतो. शिवाय तिच्या पेशी सतत फुटत असतात, आणि त्यातल्या हिमोग्लोबिनमधल्या हीम या भागाचं विघटन होताना शरीरातच थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत शेगडी पेटवली तर माणूस गुदमरतो तोच वायू. तो हिमोग्लोबिनला चिकटला की दोन दिव्यांचं साधं यंत्र त्याला बहुतेक ऑक्सिजनच समजतं. म्हणजे एका कारणानं आकडा खाली दिसतो, दुसऱ्या कारणानं वर. हा गुंता सोडवायला मोठ्या रुग्णालयात जास्त तरंगलांब्या वापरणारा को-ऑक्सिमीटर असतो. घरी नसतो.

आणि कातडीचा रंग. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ऑक्सिजन खरोखर कमी असतानाही यंत्र 'ठीक आहे' म्हणत राहण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळजवळ तिप्पट आहे. आम्ही घरातले सगळे सावळे. सिकलसेल असलेली आमच्याकडची बहुतेक मुलं सावळी किंवा काळीच. हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला. जगात हा आजार ज्यांना सगळ्यांत जास्त होतो, त्यांच्याच कातडीवर यंत्र चाचपडतं आणि हे ठळकपणे मांडलं जायला इतकी वर्षं लागावीत?

मग अशा यंत्राचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग वहीमुळे आहे. यंत्र जे काही चुकतं, ते एकाच मुलीच्या बाबतीत बरंचसं एकाच रीतीनं चुकतं. तेच यंत्र, तेच बोट, तीच कातडी, तेच रक्त. तिचा ९५ शास्त्राच्या कसोटीवर ९५ आहे की ९३, मला ठाऊक नाही. पण आज कालच्यापेक्षा चारनं उतरलं, हे कळतं.

ते मला दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत कळलं.

चार दिवस पाऊस थांबला नव्हता. कपडे वाळत नव्हते, भिंतींना ओल आलेली. संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, इथं टोचतंय," आणि उजव्या बरगडीवर हात ठेवला. ताप १०१. सिकलसेलच्या मुलाला एवढा ताप आला, की आकडा कितीही चांगला असला तरी घरी बसायचं नाही, हे आम्हाला पक्कं शिकवलेलं आहे. निघता निघता चिमटा लावला. ९१. दुसऱ्या हाताला लावला. ९१.

कोणत्या रुग्णालयात गेलो ते लिहीत नाही, कारण हे कुठंही घडलं असतं. रात्रपाळीचे डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. त्यांनी फाइल बघितली, आकडा बघितला आणि मला धीर द्यायला म्हणाले, "काका, सिकलसेलच्या मुलांचं थोडं कमीच असतं. नव्वदच्या वर आहे. घाबरू नका." त्यांनी रक्त घेतलं, त्याची स्लिप आली. तिच्यावर सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिजनची टक्केवारी, ९६. ते म्हणाले, "बघा, बोटाचं यंत्र चुकतंय."

त्यांनी जे वाचलं होतं ते खोटं नव्हतं. पण स्लिपवरचा ९६ मोजलेला नव्हता. त्या यंत्रानं ऑक्सिजनचा दाब मोजला होता आणि निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनचा आलेख धरून त्यावरून टक्केवारी हिशेबानं काढली होती. ढिल्या पकडीच्या रक्ताला तो आलेख लागू पडत नाही. हे सगळं मला त्या रात्री नीट मांडता आलं नसतं. मी पिशवीतून वही काढली आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवली. चौदा महिने. आठवड्यातून दोन-तीनदा. ९५, ९४, ९५, ९६, ९५. पुढे प्रत्येक ठिकाणी बरी आहे, बरी आहे. ९४ च्या खाली एकही नोंद नाही.

त्यांनी दोन पानं उलटली. मग न बोलता उठले आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

पहिल्या एक्स-रेत फारसं दिसलं नाही. तरी ऑक्सिजन आणि अँटिबायोटिक रात्रीच सुरू झालं. सकाळच्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरट डाग आला होता. अक्यूट चेस्ट सिंड्रोम. या आजारात जीव जाण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक. दुपारी रक्ताची बाटली लागली. दुखतं म्हणून ती खोल श्वास घ्यायची नाही, आणि वरवर श्वास घेतला की फुफ्फुसाचा तळ बंदच राहतो. म्हणून तिला श्वास ओढून वर चढवायच्या तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं. जागी असताना दर दोन तासांनी दहा वेळा ओढायचं. बायको तिच्याबरोबर स्वतःही ओढायची. तिसरी गोळी वर गेली की लेक हसायची आणि हसल्यावर दुखायचं म्हणून रडायची. आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. निघताना ते तरुण डॉक्टर खाली आले, वही मागितली आणि एका पानाचा फोटो काढून घेतला. म्हणाले, "मला हे माहीत नव्हतं. पुढच्या पेशंटला विचारेन." मला त्यांच्याबद्दल आदरच आहे.

यानंतर माझं एक बिघडलं. मी सारखं मोजायला लागलो. शाळेतून आली की, जेवली की, शिंकली की. रात्री उठून तिच्या खोलीत अंधारात बसायचो. ती घोरायची, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटायचा, मी माझा श्वास रोखून पुढच्याची वाट बघायचो. ती भीती अगदीच निराधार नव्हती. २००१ साली लंडनच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, की सिकलसेलच्या ज्या मुलांचा ऑक्सिजन झोपेत कमी राहतो, त्यांना पुढे मेंदूचे त्रास जास्त होतात. म्हणून एक रात्र बोटाला यंत्र बांधून रात्रभराची नोंद घेतली. टॉन्सिल मोठे निघाले, त्यांचे उपचार झाले, घोरणं गेलं. माझं उठणं काही गेलं नाही. एका रात्री चिमटा लावताना ती जागी झाली आणि डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, मी आहे. झोपा आता."

मी खूप वेळ तिथंच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी नागपूरला फोन केला. बाई म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा पुरे, आणि आजारी वाटली तर. रोज दहादा मोजलंत तर तिला वाटेल ती म्हणजे हा आकडाच. घरी सिलिंडर आणून ठेवू का, असंही मी विचारलं होतं. त्यांनी चक्क नाही म्हटलं. ऑक्सिजन कमी नसताना देत राहिलं तर शरीर नवं रक्त बनवायचं मंदावतं. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कॅप्सूल रोज न चुकता द्या, पाणी भरपूर पाजा, थंडीपासून जपा, लशी वेळेवर द्या. हे आपल्या हातातलं.

त्या गोळ्या मी सरकारी रुग्णालयातून आणतो. मागच्या डिसेंबरात तिथल्या बाकावर एक जोडपं भेटलं. नंदुरबारकडचं, ऊसतोडीला आलेलं, कराडच्या बाजूला कुठंतरी त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. मांडीवर पाच-सहा वर्षांचा मुलगा. बाई पावरी बोलीत बोलायची, नवरा तोडक्यामोडक्या मराठीत सांगायचा. "थंडी वाजली का पाय धरून रडतो." सिकलसेलचं कार्ड होतं, पण ते गावाकडं पेटीत. पेशी विळ्यासारख्या होतात असं त्यांना गावात कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं मला विचारलं, "कोयत्यासारख्या?" आणि आपल्याच हाताकडे बघत राहिला.

माझ्याकडे लेकीचा चिमटा होता. मुलगा घाबरून हात मागं घ्यायला लागला, म्हणून आधी माझ्या बोटाला लावला, मग त्याच्या आईच्या. बोट लाल पेटलेलं बघून तो हसला आणि स्वतःच बोट पुढं केलं. गारठलेलं होतं. आईनं पदरात धरून ऊब आणली. ९२.

हा ९२ म्हणजे काय? त्याचा रोजचाच, की आज उतरलेला? ते सांगणारं कुणी नव्हतं. दिवाळीनंतर निघायचं, कारखाना नेईल तिकडं जायचं, उन्हाळ्यात परतायचं. त्याच्या बऱ्या दिवसाची कुठंच नोंद नाही. तो तेव्हा माझ्या पिशवीच्या बंदाशी खेळत होता, ताप नव्हता, खोकला नव्हता. मी त्याच्या केसपेपरच्या मागं लिहिलं : तारीख, ९२, दुखत नाही, खेळत होता. आणि बापाला सांगितलं, हा कागद फेकू नका, कुठंही गेलात तरी डॉक्टरला आधी हा दाखवा. आत त्यांच्या डॉक्टरांनाही दाखवायला सांगितलं.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून देशाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट आहे. चांगलंच आहे, व्हायलाच हवं. पण तपासून कार्ड दिल्यावर त्या कार्डावर एक रकाना असावा, बरं असतानाच्या ऑक्सिजनचा, आणि शेजारी हिमोग्लोबिनचा. कोरोनात घेतलेली यंत्रं कितीतरी आरोग्य केंद्रांच्या कपाटांत असतील. लहान मुलांचे चिमटे तेवढे घ्यावे लागतील. साखर शाळेत, अंगणवाडीत, कोपीवर आशाताई जातातच. मूल हसत-खेळत असताना दोन मिनिटं बोट धरायचं आणि लिहून ठेवायचं. माझ्यासारख्या नोकरदार बापाला वही ठेवणं सोपं आहे. ज्याचं घरच दर महिन्याला हलतं, त्याचा आकडा त्याच्याबरोबर फिरला पाहिजे.

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेची सहल होती. महाबळेश्वर. सातारा ७०० मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८६ टक्क्यांच्या आसपास उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. वर जानेवारीची थंडी. आम्ही भंडाऱ्याहून इथं आलो तेव्हाही तिचा आकडा एखाद्यानं उतरला होता. मी सरळ नाही म्हणणार होतो. ती काही बोलली नाही, जेवलीही नाही. बायको म्हणाली, "तुम्ही आपलं आपणच ठरवून राहिले. डॉक्टरले तर विचारा." विचारलं. तब्येत स्थिर आहे, महिनाभरात ताप नाही, दुखणं नाही, वहीत ९५ आहे, मग जाऊ दे. गरम कपडे, बाटलीभर पाणी, धावायचं नाही, दमली की बसायचं. वेण्णा तलावाच्या पाण्यात हात घालायचा नाही. शाळेतल्या बाईंना सगळं लिहून दिलं, फोन नंबर दिला. पहाटे बसमध्ये बसवताना चिमटा तिच्या दप्तरात ठेवायला गेलो, तर ती म्हणाली, "बाबा, आज हे नको." मी तो परत माझ्या खिशात ठेवला.

दिवसभर बँकेत बसून मी पसरणीचा घाट चढत होतो. दुपारी बाईंचा मेसेज आला, सगळे ठीक, आइस्क्रीम खाल्लं नाही, कणीस खाल्लं. रात्री साडेनऊला बस आली. ती झोपेतच उतरली, टोपीखाली गाल लालेलाल, मुठीत दोन स्ट्रॉबेऱ्या चुरगळून बोटं चिकट झालेली. घरी आल्यावर मी खिशात हात घातला. बायकोनं नुसतं बघितलं. लेकीची बोटं कोमट पाण्यानं पुसली, रजई ओढली आणि मीही झोपलो.

सकाळी उठलो तर वही उशाशी नव्हती. लेक खिडकीतल्या उन्हात बसली होती, चिमटा तिनंच लावला होता आणि ओठ हलवत तीसपर्यंत मोजत होती. मग पेन्सिलीनं तिच्या गोलगोल अक्षरात लिहिलं : ९५. पुढे थोडा विचार केला आणि लिहिलं : बरी आहे. बोट गोड लागतंय.